पलटणीची वायर

हे सम्मेद लिहिणारच नव्हता. दोनदा मोबाईलवर चार ओळी टाईप केल्या आणि दोनदा पुसल्या. लिहायचं म्हटलं की त्यात आप्पांचं नाव येणार, आणि असल्या कारणानं त्यांचं नाव कुठं यावं हे त्याला बरं वाटेना. पण राजवर्धनला शब्द देऊन बसला होता. मग काय, बसला लिहायला.

सम्मेद सांगलीजवळच्या एका गावचा. आयटीआयला गेला नाही. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात बसून, मोबाईलवर बघून आणि घरातल्या दोन-तीन वस्तू जाळून वायरिंग शिकला. त्याची थोरली बहीण भाग्यश्री, म्हणजे अक्का, घरामागं शेडनेटमध्ये रोपवाटिका चालवते. शेवंतीची रोपं ही तिची खासियत.

राजवर्धन मेढ्याकडचा. सांगलीत कॉलेजला होता तेव्हा सम्मेदच्या घरी माडीवरच्या खोलीत राहायचा. घर जैनांचं, त्यामुळं दिवस मावळायच्या आत ताटं वाढली जायची. पहिले काही दिवस त्यानं कुरकुर केली, मग त्याचीच भूक पाच वाजता जागी व्हायला लागली. अक्काला तोही अक्काच म्हणायचा. शिक्षण झाल्यावर गावी गेला आणि यंदा त्यानं पहिल्यांदा लांब दांड्याची शेवंती लावली, बुकेला जाते ती. रोपं अर्थात अक्काकडची.

आणि डिसेंबरात फूलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा मेसेज पडला. सांगलीकडच्या एका नर्सरीतनं रोपं घेतली, निम्मी एका जातीची निघाली, निम्मी दुसरीची, घेताना बघून घ्या. नाव घातलं नव्हतं. पण त्या ग्रुपवर सांगलीकडची शेवंतीची नर्सरी एकच होती.

दुसऱ्या दिवसापासून अक्काला फोन यायला लागले. कुणी म्हणालं लागण पुढं ढकलली, कुणी म्हणालं आता ऊसच लावतो. असंच चाललं तर माघापर्यंत शेडनेट गुंडाळायची वेळ होती. अक्का ट्रे धुवत होती. हातातला ट्रे खाली न ठेवता म्हणाली, "तू जा मेढ्याला. बघून ये. माझ्याकडनं मिसळली असतील तर तसं सांग, मी ग्रुपवर कबूल करीन. खरं तुझ्या डोळ्यानं बघून ये."

सम्मेदनं बॅगेत मल्टीमीटर टाकला. का टाकला ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याच्याशिवाय तो कुठं जात नाही एवढंच.

घरापासून खाली ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं वावर, त्यात सरळ शेवंतीच्या रांगा. राजवर्धन बांधावर उभा होता. ये म्हणाला नाही.

"आलं का अक्काचं वकील?"

"वकील न्हाई रं. मिस्त्री."

"मग बग की मिस्त्री. डोळं हायती न्हवं?"

सम्मेदनं बघितलं. घराजवळची शेवंती मांडीला लागत होती, हिरवीगार, कळीचा पत्ता नाही. ओढ्याजवळची वीतभर, आणि तेवढ्यातच कळ्यांनी गच्च भरलेली. एवढ्या आखूड दांड्याला बुकेवाला हात लावत नाही.

शेवंतीचं एक असतं. रात्र मोठी झाली की तिला वाटतं थंडी आली, आता फुलायचं. म्हणून लागणीनंतर काही आठवडे रात्रीच्या पोटात दिवे लावून तिला फसवायचं. रात्र लहानच आहे असं वाटलं की ती नुसती उंच होत जाते. दांडा पाहिजे तेवढा झाला की दिवे बंद, मग ती कळी धरते. राजवर्धनचे दिवे अजून चालू होते. पहाटे तीनला लागायचे, उजाडल्यावर विझायचे. वरच्या रोपांनी ते मानलं होतं. खालच्यांनी मानलं नव्हतं.

"दोन जाती हायत का न्हाईत, सांग," राजवर्धन म्हणाला.

सम्मेद रांगेच्या कडेनं खाली ओढ्यापर्यंत चालत गेला आणि परत वर आला.

"जाती मिसळल्या असत्या तर उंच आन बुटकी शेजारी शेजारी दिसली असती."

"वरचं क्रेट एका जातीचं, खालचं दुसरीचं."

"मग मधी कुठंतरी पायरी पडली असती. इथं पायरी कुठाय? जिना घासून गुळगुळीत केल्यागत उतरत गेलंय."

राजवर्धननं बघितलं. रोज बघत होता, पण असं बघितलं नव्हतं. "मग खालची माती खराब असंल."

"माती खालचीच चांगली." मागनं आवाज आला. राजवर्धनचे वडील, केरबा. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. पलटणीत सिग्नलला होते, डोंगरातल्या चौक्यांना फोनच्या लायनी टाकत फिरले. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून उभे राहतात ते टाचा जुळवून. "वरची माती धुऊन खालीच जाती. आमच्या बापजाद्यांनी खालीच भात पिकवला. मातीला नावं ठिवू नगा."

सम्मेदची नजर वर गेली. रांगांवरनं बांबूच्या खांबांवर एक काळी दुहेरी वायर ताणली होती. तिला जागोजागी होल्डर, होल्डरात जुने पिवळे बल्ब.

"वायरिंग कुणी केलं, आप्पा?"

"आमी," आप्पा म्हणाले. "दुसरं कोण करनार? पलटणीची वायर हाय ती. लिलावात घेतल्याली. तिच्यावरनं ट्रक गेला तरी तुटत न्हाई."

"आन खाली बल्ब जवळ जवळ का लावल्यात?"

"खालच्या झाडांनी लौकर कळी धरली तवा म्हटलं उजेड कमी पडत असंल. म्हनून खाली आनकी डझनभर वाढवलं. तरी काय फरक न्हाई. उलट खालचं आनकीच मंद दिसाया लागलं. लांबचा दिवा मंदच दिसतो म्हना."

सम्मेदला वायरीचाच संशय आला. पण सांगायचं कसं? ज्या माणसानं बर्फात लायनी टाकल्या त्याला त्याच्याच बांधावर उभं राहून वायर शिकवायची, आणि तीही वर्षानुवर्षं ज्यांच्या घरचं लोणचं सांगलीला यायचं त्या घरात.

तेवढ्यात घरातनं राजवर्धनच्या आईची, लीलाकाकूंची हाक आली. "आवं, सूर्य डोंगराआड चाललाय. त्या पोराला जेवायला घाला आदी."

मेढ्याचा सूर्य सांगलीपेक्षा लवकर डोंगराआड जातो. सम्मेद म्हणाला, काकू, बाहेर असलो की मी एवढं पाळत न्हाई. काकू म्हणाल्या, तुझ्या अक्कानं माझ्या पोराला कधी उपाशी ठेवलं न्हाई, आता मी तुझं मोडू व्हय? घेवड्याची भाजी, भाकरी, आमटी. कांदा नाही, बटाटा नाही. राजवर्धनही त्याच पंगतीत बसला. त्याची भाकर तुटत होती तशी सम्मेदचीही तुटत होती. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

पहाटे सम्मेद उठला तेव्हा पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. दिवे लागलेले. कानटोपी घालून आप्पा ओट्यावर हजर होते, बिडी न पेटवता हातात धरून.

सम्मेद वायरीच्या कडेकडेनं चालला. दहिवर मोप पडलं होतं. बांबू ओले, पानं ओली, त्याची चप्पल ओली. घराजवळची वायर मात्र कोरडी होती. त्यानं तिच्याजवळ उलटा हात नेला, टेकवला नाही. ऊब लागली, आणि रबर शेकल्याचा बारीक वास. चालत मध्यावर गेला. तिथं वायरीवर दव होतं, पातळ. खाली ओढ्यापाशी गेला. तिथं वायरीला थेंब लोंबत होते, बांबूला होते तसेच, आणि शेवटचा बल्ब लालसर झाला होता, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा.

सम्मेदनं तिथनंच हाक मारली. "राज्या, आप्पांना घेऊन खाली ये."

दोघं आले. सम्मेदनं मीटर लावला. वर घरात दोनशे तीस व्होल्टच्या आसपास होतं ते त्यानं आधीच बघून ठेवलं होतं. इथं एकशे साठ.

"हे कसं काय?" राजवर्धन म्हणाला. "सगळं बल्ब तर दोन्ही वायरींना आडवं जोडल्यात. एकामागनं एक न्हाईत. तूच तर सांगलीत सांगायचास, असं पॅरलल जोडलं की प्रत्येकाला व्होल्टेज सारखंच मिळतं."

"सांगायचो. खरंच हाय ते. दोन बिंदूंच्या मधी दहा बल्ब जोड, दहाही जणांना दाब तेवढाच. प्रत्येक जण आपापल्या अंगानं करंट ओढणार, एक काढला तर दुसऱ्याला पत्ता लागत न्हाई. खरं गड्या, इथं दोन बिंदू न्हाईत. लांबलचक वायर हाय. आन वायर पण थोडं खाती."

"म्हंजी?"

सम्मेद थांबला. आप्पांच्या समोर बोलायचं होतं.

"मेढ्यासनं सुटल्याली एसटी बघ. स्टँडवर दाराला लोंबकाळत माणसं. पहिल्या गावाला चार उतरली, दुसऱ्याला चार. शेवटच्या गावात ड्रायव्हर, कंडक्टर आन एक म्हातारी. तसा ह्या वायरीतनं करंट चाललाय. घराजवळ सगळ्या बल्बांचा मिळून जातो. पहिल्या बल्बानं आपला घेतला, पुढं तेवढा कमी. इथं ह्या शेवटच्या तुकड्यात फक्त ह्या एकट्याचा. म्हणून वरची वायर गरम, तिथं दव टिकंना. इथली गार, हिच्यावर थेंब."

आप्पांनी वायरीवरच्या थेंबाकडं बघितलं, मग वर घराकडं.

"गर्दीतनं जाताना वायर दाबातला थोडा थोडा खात जाती," सम्मेद म्हणाला. "वरच्या बल्बाला खाल्लेलं कमी, खालच्याला जास्त. आन खाली बल्ब वाढवलं तर..."

तो अडखळला.

"बोल की," आप्पा म्हणाले. "वाढवलं ते आमीच."

"तर ती नवी गर्दी वरपासनं खालपर्यंत अख्ख्या वायरीतनं येणार, आप्पा. सगळ्यात लांबचा पल्ला तिचाच. म्हणून खालचं आणखी मंद झालं."

"थांब." आप्पांनी हात वर केला. "बल्ब वाढवलं म्हंजी लायनीवर ओझं वाढलं. ओझं वाढलं म्हंजी आडवनूक वाढली. मग करंट कमी व्हायला पायजे. जास्त कसा व्हईल?"

प्रश्न बरोबर होता. सम्मेद स्वतः ह्या प्रश्नावर एक अख्खा पावसाळा अडकून पडला होता.

"लग्नाचा मांडव समजा. एक दार असलं तर माणसं चेंगरत बाहेर पडतात. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. प्रत्येक दार तेवढंच अरुंद, खरं सगळी मिळून वाट मोकळी झाली. प्रत्येक बल्ब म्हणजे एक दार. बल्ब वाढवलं की सगळ्यांची मिळून आडवणूक कमी हुती. माणसं जास्त सुटली. आन ती सगळी ह्या एका बोळातनं यायची."

"बोळ म्हंजी आमची वायर."

"व्हय, आप्पा."

कोंबडा आरवला. राजवर्धन खाली बघत होता. आप्पांनी बिडी खिशात ठेवली.

"तोंडानं कायबी सांगता येतंय," ते म्हणाले. "दाखव."

सम्मेदला हेच पाहिजे होतं. त्यानं आप्पांना शेवटच्या बल्बापाशी उभं केलं आणि म्हणाला, इथनं हलायचं न्हाई, नजर ह्याच्यावर. राजवर्धनला फडकं दिलं. शेवटचा सोडून त्याच्या अलीकडचा काढ, मग त्याच्या अलीकडचा, असा वर वर जा.

पहिला निघाला, काही झालं नाही. दुसरा, तिसरा. राजवर्धन होल्डरातनं एकेक बल्ब फिरवून काढत, फुंकर मारत, सदऱ्याच्या ओच्यात टाकत वर सरकत होता. वाढवलेले डझनभर निघाले तेव्हा निखारा राहिला नव्हता, पिकल्या संत्र्याच्या सालीचा रंग आला होता. आणखी वर. ओचा जड झाला तसा राजवर्धन पोटुशी बाईसारखा चालायला लागला, आणि एवढ्या वेळात सम्मेदला पहिल्यांदा हसू आलं. निम्म्या वावरापर्यंत अंधार झाला. आणि खाली ओढ्याच्या कडेला एकटा शेवटचा बल्ब पिवळाधमक पेटला. आप्पांच्या मिशा दिसायला लागल्या, कानटोपीची लोकर दिसायला लागली, पायाजवळच्या बुटक्या शेवंतीची एकेक कळी दिसायला लागली.

वरनं राजवर्धनचा आवाज आला, "आप्पा, काय झालं का?"

आप्पांनी हात त्या उजेडात धरला.

"वरच्या चौकीवर फोन लावला की आवाज बारीक यायचा," ते म्हणाले. सम्मेदला म्हणाले की स्वतःलाच, कळलं नाही. "लाईन जेवढी लांब तेवढा बारीक. आमी आपलं ओरडून बोलायचो. नवीन पोरं हसायची, म्हनायची आप्पा, फोन कशाला, असंच ऐकू जाईल तिकडं. हेच की ते. मला ठावं हुतं."

सम्मेदनं घरात जाऊन मेन स्विच पाडला. उजाडलं होतं. खिशातनं लोहचुंबक काढला आणि वायरीच्या सोललेल्या टोकाला लावला. टोक चिकटलं.

"आत निम्म्या तारा पोलादाच्या हायत. म्हणून ट्रक गेला तरी तुटत न्हाई. तांबं थोडंच. फोनच्या बारीक करंटला लय झकास वायर. एवढ्या बल्बांसाठी न्हवं. वर घराजवळ तिचं रबर मऊ झालंय बघा, आणखी काही दिवसांनी वितळलं असतं. आज रात्री ही चालू करू नका."

"वायरीचा काय दोष न्हाई," आप्पा म्हणाले. "तिची ड्यूटी येगळी हुती."

चहा झाला. राजवर्धन ओच्यातले बल्ब टोपलीत ठेवत होता, लई हळू, अंडी ठेवावीत तसे.

"मी अक्काला काय तोंड दाखवू?" तो म्हणाला.

"फोन दाखव," सम्मेद म्हणाला. "तोंड नंतर."

त्यानं तिथंच लावला. अक्कानं उचलला. राजवर्धन म्हणाला, "अक्का, रोपं एकच जात हाय. चूक आमची." पलीकडं अक्का काय म्हणाली ते सम्मेदला ऐकू आलं नाही. राजवर्धन दोनदा व्हय म्हणाला, एकदा न्हाई म्हणाला, आणि शेवटी म्हणाला, "जेवलो की. दिवस मावळायच्या आत."

मग ग्रुपवर लिहिलं. रोपं चांगली आहेत, दोष आमच्या लायटिंगचा होता, माझा आधीचा मेसेज चुकीचा, त्या नर्सरीची माफी मागतो. खाली लगेच प्रश्न आला, लायटिंगचा म्हणजे काय? आमची पण खालच्या बाजूला बुटकी राहिली आहेत. त्याखाली दुसऱ्याचा, आमची पण.

आप्पांनी चष्मा लावून ते वाचलं. "म्हंजी आमी एकटंच न्हाई."

दुपारी तिघं मेढ्यात जाऊन तांब्याची जाड केबल आणि बल्बांसाठी तांब्याचीच नवी वायर घेऊन आले. सम्मेद केबल घरापासनं पहिल्या खांबाला जोडायला निघाला तर आप्पांनी अडवलं.

"तिथनं न्हाई. मधल्या खांबाला न्ये. राशन आमी कवाच पहिल्या चौकीवर उतरवत न्हवतो. मधल्या चौकीवर डेपो करायचा आन तिथनं दोन्हीकडं वाटायचं. कुनालाच लांब पडत न्हाई."

सम्मेदनं मनात हिशोब केला. मध्यापर्यंत जाड केबल, तिच्यात खाणं नाममात्र. मग अर्धे वर, अर्धे खाली, पल्ला निम्मा आणि गर्दीही निम्मी. ह्यापेक्षा बरं त्यालाही सुचलं नसतं. तो म्हणाला, "आप्पा, हे मी सांगणार हुतो असं मी कुणाला सांगू का?"

"सांगून बग," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे वरनं खालपर्यंत सगळे दिवे एकाच रंगाचे होते. खालच्या शेवंतीनं आधीच कळी धरली होती, ती काय मागं फिरणार नव्हती. काकू म्हणाल्या, तिची सुटी फुलं करून साताऱ्याला हाराला द्या, देवाला दांडा लागत न्हाई. वरची आणि मधली मात्र वाचली होती.

स्टँडवर राजवर्धन सोडायला आला. एसटी लागलेली, दाराला गर्दी. दोघं तिच्याकडं बघून एकदमच हसले.

"ग्रुपवरची लोकं माझं डोकं खायला लागल्यात," राजवर्धन म्हणाला. "मला एसटी सांगता येती, मांडव सांगता येत न्हाई. तू लिही रं सगळं. असंच लिही, बोलल्यागत. आप्पा म्हनत्यात त्यांचं नाव घालून लिही."

"आन तू काय म्हणतोस?"

राजवर्धननं पायानं खडा सरकवला. "मी म्हनतो लोकं हसतील. उभी नोकरी लायनी टाकणारा मानूस आन त्यालाच वायर कळली न्हाई म्हनतील. आप्पा वरनं कायबी बोलू देत. रात्री त्यांनी ती जुनी वायर गुंडाळून, पुसून, परत पेटीत ठिवली. मी बघितलं."

कंडक्टरनं बेल मारली. सम्मेद पायरीवर चढला आणि दांडा धरून उभा राहिला.

"ऐक. लिहितो. मधल्या चौकीचा डेपो त्यांनीच सांगितला ते पण लिहितो, आन फोनवर आवाज बारीक यायचा ते पण. खरं कुठं टाकायच्या आधी मी हिकडं येतो आन आप्पांना सगळं वाचून दाखवतो. एक ओळ जरी त्यांना खुपली तरी पुसून टाकतो, ग्रुप गेला तेल लावत."

गाडी हलली तसा राजवर्धन दोन पावलं बरोबर चालला. "नक्की?"

"नक्की," सम्मेद म्हणाला. "तुझी शप्पथ. अक्काला पण घेऊन येतो."